वारा तोंडावर घेऊन : ‘सिड मायर्स पायरेट्स!’मधली पहिली कारकीर्द

खेळातली तारीख १६६०. परवा रात्री निवृत्तीचा पडदा पडला तेव्हा खेळात १६८१ साल होतं. आपल्या घड्याळाने या एकवीस वर्षांना दीड महिना लागला, रोज रात्री तास-दीड तास. कॅरिबियन समुद्रातल्या चाचेगिरीचा हा संगणकावरचा खेळ जुना आहे. मूळ आवृत्ती १९८७ची, मायक्रोप्रोझची. इथे लिहिलंय ते २००४च्या फिराक्सिसच्या आवृत्तीबद्दल. ती साध्यासुध्या लॅपटॉपवरही पळते, त्यामुळे अजून नवे लोक तिच्याकडे वळतात आणि पहिल्या चार तासांतच कंटाळून सोडून देतात. सोडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लढाई अवघड वाटते म्हणून नव्हे, तर जहाज समुद्राच्या मधोमध गोगलगायीसारखं सरकत राहतं, खलाशी कुरकुरतात आणि नेमकं काय चुकतंय ते कळत नाही, म्हणून. चुकत असतो तो वारा.

सुरू करण्याआधीची गोष्ट. हा खेळ कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकडेपट्टीवर बेतलेला आहे. ज्या लॅपटॉपला ती पट्टी नाही तिथे तलवारबाजी आणि नाच हे दोन्ही भाग हाताबाहेर जातात. वरच्या ओळीतल्या आकड्यांवर बोटं शोधेपर्यंत समोरच्याचा वार बसलेला असतो. वेगळी यूएसबी आकडेपट्टी स्वस्तात मिळते, ती आधी आणा. पहिले तीन दिवस तिच्याशिवाय गेले, म्हणजे वायाच गेले.

कागदपत्रं

गोष्ट थोडक्यात अशी: मार्किस मोन्ताल्बान नावाचा स्पॅनिश सरदार तुमच्या कुटुंबाला कर्जापायी गुलाम करतो, तुम्ही निसटता, मोठे होऊन जहाजावर चढता, बंड होतं आणि कप्तानपद तुमच्याकडे येतं. मग चार देशांपैकी एकाचा झेंडा निवडायचा: इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड, स्पेन. पहिल्यांदा इंग्लंड किंवा फ्रान्स घ्या. या समुद्रात श्रीमंत गावं आणि मालाने भरलेली जहाजं सगळ्यात जास्त स्पेनची असतात. आपणच स्पॅनिश झालो तर लुटायचं कोणाला, हा प्रश्न उभा राहतो.

त्यानंतर एक कौशल्य निवडायचं. पर्याय पाच: तलवारबाजी, तोफा, नौकानयन, वैद्यक आणि बोलण्या-वागण्यातली चतुराई. पहिल्या खेळात तलवारबाजी घ्यावी, कारण जवळजवळ प्रत्येक लढाईचा शेवट डेकवरच्या द्वंद्वाने होतो. नौकानयन दुसऱ्या खेळासाठी राखून ठेवा. वैद्यकाने म्हातारपण लांबणीवर पडतं. ते उपयोगाचं आहे, पण म्हातारपणापर्यंत पोचायला हवं ना.

अवघडपणाच्या पाच पातळ्या आहेत, सगळ्यात खालची अप्रेंटिस आणि सगळ्यात वरची स्वॉशबकलर. खालच्या पातळीवर वारा फारसा छळत नाही आणि लुटीत कप्तानाचा वाटा लहान असतो. वर गेलं की वाटा वाढतो आणि वारा चावायला लागतो. पहिली मोहीम अप्रेंटिसवर करायला काहीच हरकत नाही, कारण प्रत्येक वाटपाच्या वेळी पातळी वाढवता येते. फक्त एवढं लक्षात असू द्या की अप्रेंटिसवर वाऱ्याविरुद्ध बिनदिक्कत जायची सवय लागते, आणि ती सवय पुढे महागात पडते.

बंदरात उतरलं की पहिलं काम गव्हर्नरकडे. तो लेटर ऑफ मार्क देतो. हा खासगी लुटीचा परवाना. जिच्याशी आपलं राज्य युद्धात आहे त्या सत्तेची जहाजं लुटा, आम्ही डोळेझाक करू, असं त्याचं सरळ मराठी. परवाना असला की तुम्ही दर्यावर्दी वीर, नसला की चाचे. फरक फक्त कागदाचा. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. कान्होजी आंग्र्यांचा दस्तक न घेता कोकणातून जाणारं जहाज अडवलं की त्यांच्या लेखी तो आपला हक्क असे आणि इंग्रजांच्या लेखी चाचेगिरी.

गव्हर्नर कोणाशी युद्ध आहे आणि कोणाशी तह, हेही सांगतो. ते न ऐकता पुढे जाऊ नका. मध्येच तह झाला आणि आपण जुन्याच हिशेबाने जहाज अडवलं, तर त्या देशाने आपल्या डोक्यावर बक्षीस लावलेलं असतं. मग चाचे पकडायला निघालेली जहाजं मागे लागतात.

गव्हर्नरकडून निघालं की दारूच्या गुत्त्यात. इथे खलाशी भरती होतात, गुत्त्याचा मालक बातम्या देतो, दारू वाढणारी पोरगी कोणतं जहाज कुठून कुठे चाललंय ते सांगते आणि कोपऱ्यात बसलेला अनोळखी माणूस वस्तू विकतो. पहिल्या मोहिमेत त्याच्याकडून काही घ्यायची घाई नको. दुर्बीण मिळाली तर तेवढी घ्या, लांबवरचं जहाज कोणतं आहे ते लवकर कळतं.

खलाशी किती घ्यावेत? मिळतील तितके, असं वाटतं. पण तसं नाही. लुटीची वाटणी डोकी मोजून होते. दोनशे माणसं पोसली तर प्रत्येकाच्या वाट्याला चिल्लर येते आणि सगळे लवकर नाराज होतात. पहिल्या वर्षी साठ-सत्तर माणसांवर छान भागतं. व्यापारी जहाजावर साधारण वीस-तीसच लोक असतात, त्यांच्या दुप्पट असलो की पुरे. व्यापाऱ्याकडून धान्य भरून घ्या. किती महिने पुरेल ते पडद्यावर दिसतं, चार महिन्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

वारा

कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक पूर्वेकडून येतो. कधी ईशान्येला सरकतो, कधी आग्नेयेला, पण मूळ दिशा तीच. म्हणून पश्चिमेला जाणं म्हणजे उतार आणि पूर्वेला येणं म्हणजे चढ. नवा माणूस नकाशा बघतो, पश्चिमेला व्हेराक्रूझ, हवाना, पनामा अशी मोठी गावं दिसतात, आणि पहिल्याच मोहिमेत तिकडे सुटतो. जाताना मजा येते. परत येताना खलाशी निघून जातात.

पहिली दोन वर्षं पूर्वेतच राहावं. बार्बाडोस, अँटिग्वा, नेव्हिस, सेंट किट्स, मार्टिनिक, ग्वाडलूप, सेंट युस्टेशियस ही इंग्रज, फ्रेंच, डच बेटं एकमेकांना चिकटून आहेत. दोन बंदरांमधलं अंतर काही दिवसांचं. दक्षिणेला त्रिनिदाद, मार्गारिटा, कुमाना, काराकास आणि वायव्येला सान हुआन ही स्पॅनिश बंदरं. त्यांच्यामध्ये ये-जा करणारी स्पॅनिश जहाजं हे आपलं शेत. लुटायचं, जवळच्या इंग्रज किंवा फ्रेंच बंदरात नेऊन विकायचं, पुन्हा निघायचं.

वाऱ्याविरुद्ध सरळ तोंड करून जाता येत नाही. जहाज थबकतं. वाऱ्याला तिरकं धरून एकदा ईशान्येला, एकदा आग्नेयेला, अशी नागमोडी चाल ठेवायची. वारा ईशान्येला सरकला की आग्नेयेची बाजू पकडा आणि आग्नेयेला सरकला की ईशान्येची. पडद्यावरचा बाण बघत राहणं हाच यातला अर्धा खेळ. पांढऱ्या ढगांजवळ वारा जोरात असतो, काळ्या वादळाजवळ त्याहून जोरात, पण तिथे शिडं फाटतात.

जहाजाची निवडही वाऱ्यावरच ठरते. खेळात सत्तावीस प्रकारची जहाजं आहेत आणि नव्या माणसाचा डोळा गॅलियनवर जातो. ते राजवाड्यासारखं दिसतं आणि तसंच हलतं. पूर्वेकडे यायचं तर स्लूप. ती वाऱ्याला तिरकी जाते, चटकन वळते आणि उथळ खडकांवरून निघून जाते, जिथे मोठी जहाजं आपटतात. स्लूप-ऑफ-वॉर हाती लागली तर ती ठेवून घ्या. ब्रिग हे मधलं जहाज, जरा उशिरा घ्यावं. ताफ्यात जास्तीत जास्त आठ जहाजं ठेवता येतात, पण ताफा सगळ्यात संथ जहाजाच्या चालीने चालतो. एक भरलेलं मर्चंटमन (मोठं व्यापारी जहाज) सोबत घेतलं की आपली स्लूप त्याच्या मागे बांधल्यासारखी होते. म्हणून पकडलेलं जहाज जवळच्याच बंदरात नेऊन विकून टाकायचं. बंदर वाऱ्याविरुद्ध असेल तर माल तेवढा काढून घ्या आणि जहाज बुडवा. जीव हळहळतो, पण हिशेब तसाच बसतो.

पहिली लढाई

खेळातला मार्च १६६०. समोर स्पॅनिश बार्क, वीसेक माणसं, थोड्या तोफा. सोपी शिकार. ती हातची कशी गेली ते सांगतो, कारण ही चूक सगळेच करतात.

तोफगोळे तीन प्रकारचे. गोल गोळा लांब जातो, जहाजाचं अंग फोडतो आणि तोफा निकामी करतो. साखळीगोळा मध्यम पल्ल्याचा, तो शिडं फाडतो. छर्रे अगदी जवळून मारायचे, ते माणसं मारतात. साखळी आणि छर्रे सुरुवातीला जहाजावर असतीलच असं नाही, बंदरातल्या जहाजबांधणीवाल्याकडून ते विकत घ्यावे लागतात. तोफा फक्त डाव्या-उजव्या कुशीतून उडतात, नाकासमोर किंवा शेपटीमागे नाही. म्हणजे गोळा मारायला जहाज आडवं करावं लागतं, आणि आडवं केलं की आपली कूसही शत्रूसमोर येते.

त्या बार्कवर लांबून गोल गोळ्यांचा भडिमार केला. छान बसत होते. सहाव्या-सातव्या माऱ्याला बार्क बुडाली. माल बुडाला, जहाज बुडालं, हाती शून्य. गोल गोळे एक-दोन माऱ्यांपुरते, ते सुद्धा समोर तोफा जास्त असतील तर. मग साखळीने शिडं फाडून त्याला लंगडं करायचं, जवळ जाऊन छर्ऱ्यांचा एखादा मारा करायचा आणि जहाज भिडवायचं. बऱ्याचदा भिडवायच्या आधीच समोरचा झेंडा उतरवतो. कमी मोडलेलं जहाज जास्त भावाने जातं, हा दुसरा फायदा.

चाल अशी. वारा आपल्या पाठीशी आणि शत्रू वाऱ्याच्या खालच्या अंगाला, अशी जागा आधी घ्या, गोळा नंतर. त्याची कूस टाळून त्याच्या शेपटीमागे राहा, एकदा चटकन आडवं व्हा, मारा करा आणि पुन्हा मागे या. जवळ गेल्यावर शिडं अर्धी गुंडाळा. वेग कमी होतो, पण वळण घट्ट बसतं आणि शत्रूच्या साखळीगोळ्यांनी शिडांचं नुकसानही कमी होतं. पाठलाग करताना पुन्हा पूर्ण शिडं. हे पाठीमागून जाणं कोकणच्या दर्याला नवं नाही. आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं मोठ्या इंग्रज जहाजांच्या शेपटीला अशीच लागत. फक्त गुराबाच्या नाळेवरही, म्हणजे नाकावरही, तोफा असत, ती समोर तोंड करूनही मारा करी. इथे ती सोय नाही, त्यामुळे अर्धाच धडा घ्यायचा.

भिडल्यानंतर द्वंद्व. रेपियरने वार जलद होतो पण बचाव ढिला, कटलसने उलट, लाँगस्वोर्ड मधली. नव्याने लाँगस्वोर्डच धरावी. आकडेपट्टीचा डावा रकाना वारांचा: ७ वरून, ४ सरळ भोसक, १ खालून. मधला रकाना बचावाचा: ८ उडी, ५ अडवणे, २ खाली वाकणे. ६ने खिजवता येतं. वरचा वार आला की वाका, खालचा आला की उडी, भोसक आली की अडवा. सगळे नुसते वार करत सुटतात. तसं करू नका. त्याचा वार येऊ द्या, बरोबर बचाव करा, तो तोल सावरत असतानाच ४ दाबा, कारण भोसक सगळ्यात जलद. तो लडखडला असेल आणि अंतर असेल तर ६. हसू येतं, पण त्याने खरोखर पारडं झुकतं. तुम्ही लढत असताना मागे खलाशीही लढत असतात, आणि तुम्ही मागे रेटले गेलात तर तुमची माणसं जास्त मरतात. म्हणून जिंकणाऱ्या द्वंद्वातही रेंगाळू नका.

खलाशांचा हिशेब

पहिल्या वर्षात साधारण पंधरा जहाजं धरली. त्यातली सहा विकली, बाकीची लुटून सोडली किंवा बुडवली. साखर, मसाले, चैनीच्या वस्तू, किरकोळ माल, धान्य आणि तोफा, व्यापार एवढ्याच सहा गोष्टींचा. भाव गावागणिक वेगळे. लहान गावातल्या व्यापाऱ्याकडे सोनंही मोजकंच असतं, सगळा माल एकाच ठिकाणी खपत नाही. व्यापारावर डोकं खपवण्यात फारसा अर्थ नाही. धान्य पुरेसं ठेवा आणि बाकीचं विकून मोकळे व्हा.

खरा हिशेब खलाशांच्या मनाचा. मोहीम लांबली की ते हळूहळू नाराज होतात, खिशात सोनं असलं तरी. सुमारे दीड वर्षानंतर कुरकुर सुरू होते, त्यानंतर बंदराला लागलं की काही जण परतच येत नाहीत. एखादं जहाजही घेऊन पळतात. उपाय दोन. एक, जहाजावर चांगली माणसं ठेवणं. पकडलेल्या जहाजांवर कधीकधी कारागीर सापडतात. त्यातला क्वार्टरमास्टर आणि आचारी मन सांभाळतात, पिपे करणारा धान्य वाचवतो, सुतार लाकूडकाम दुरुस्त करतो, शिडं शिवणारा शिडं, शल्यवैद्य माणसं वाचवतो, तोफची तोफा लवकर भरून देतो आणि नेव्हिगेटर ताफ्याचा वेग वाढवतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत क्वार्टरमास्टर मिळाला तर सोन्याहून पिवळं. एखाद्या मोडक्या जहाजावर कारागीर असल्याचं गुत्त्यातून कळलं तर माल नसला तरी ते धरा.

दुसरा उपाय, वेळीच लूट वाटून टाकणे. वाटपाच्या वेळी सगळे खलाशी निघून जातात, ताफ्यातलं एकच जहाज राहतं आणि खेळातले काही महिने निघून जातात. नवा माणूस वाटप टाळतो, कारण इतक्या मेहनतीने जमवलेली सात जहाजं जाणार. म्हणून वाटपाआधी बाकीची सगळी जहाजं विकून सोनं करून घ्या, जे जहाज ठेवायचं ते दुरुस्त करून घ्या आणि सुधारणाही त्याच्यावरच करा, त्या त्याच्याबरोबर राहतात. पहिलं वाटप डिसेंबर १६६१मध्ये, दुसरं १६६४च्या सुरुवातीला. पातळी पहिल्या वाटपाला एक पायरी वर, दुसऱ्याला आणखी एक.

सुधारणा, बढत्या, नाच

बंदरातला जहाजबांधणीवाला सोनं घेऊन जहाज सुधारून देतो, पण एका गावात सगळं मिळत नाही. कुठे तांब्याचा पत्रा, कुठे सुती शिडं. कोणत्या गावात काय मिळालं ते वहीत टिपून ठेवा, खेळ ते सोयीने दाखवत नाही. क्रम माझ्या मते असा: आधी साखळीगोळे आणि छर्रे, मग तांब्याचा पत्रा, कारण त्याने वळण सुधारतं, मग वेगासाठी सुती शिडं, मग तिहेरी झोळ्या, ज्यांत जास्त माणसं मावतात. अंगाला बळकटी देणाऱ्या लोखंडी फासळ्या, तोफेची बारीक दारू आणि ब्राँझच्या तोफा शेवटी. स्लूपसाठी वेग आणि वळण हेच चिलखत.

बढत्या गव्हर्नरकडून. शत्रूचं नुकसान पुरेसं झालं की तो पद देतो: कॅप्टन, मेजर, कर्नल, अ‍ॅडमिरल, मग बॅरन, काउंट, मार्किस, ड्यूक. सोबत जमीनही लिहून देतो. पदाबरोबर बंदरात सवलती मिळायला लागतात. यातली युक्ती अशी की इंग्लंड, फ्रान्स आणि हॉलंड यांपैकी ज्यांचं ज्यांचं स्पेनशी युद्ध असेल त्या सगळ्यांच्या दारात जायचं. एकच स्पॅनिश जहाज धरलं तरी प्रत्येकाच्या वहीत आपल्या नावावर जमा होतं. चाचे पकडले तर सगळेच खूश. १६६५पर्यंत इंग्रजांकडे कर्नल आणि फ्रेंचांकडे मेजर, असा हिशेब जमला होता.

गव्हर्नरांना मुली असतात आणि त्या नाचायला बोलावतात. मुलीच्या हाताच्या खुणेकडे बघा, पायांकडे नको. खूण झाल्याबरोबर नाही, तालावर दाबा. पाय अडखळला तरी थांबू नका, पुढची खूण पकडा. नाचाचे बूट गुत्त्यातल्या अनोळखी माणसाकडे मिळतात, त्यांनी चूक सावरते. हे न करताही खेळ पुढे जातो, पण मुलगी खूश झाली की मोन्ताल्बानच्या माणसांचा ठावठिकाणा सांगते, आणि तो हवाच.

पश्चिमेची चूक

१६६६मध्ये आत्मविश्वास वाढला आणि व्हेराक्रूझ लुटायचं ठरलं. ताफ्यात तीन जहाजं, एकशे साठ माणसं. बार्बाडोसहून दक्षिण किनाऱ्याने काराकास, कुरासाव, कार्ताहेना, तिथून पोर्ट रॉयल आणि पुढे व्हेराक्रूझ. उताराची वाट, दोन महिन्यांहून थोडं जास्त. गावावर चाल केली. जमिनीवरची लढाई पाळीपाळीने होते, तुकड्या हलवायच्या, झाडी आणि उंचवटा धरायचा, शत्रूच्या कुशीवर जायचं. गाव पडलं, सोनं भरपूर मिळालं.

मग परतीची वाट. जड सोनं, दोन मोडकी गॅलियन सोबत कारण सोडवत नव्हती, आणि तोंडावर वारा. साडेपाच महिने. हवानाच्या अलीकडे धान्य संपलं, स्पॅनिश बंदरात भरती नाही, पोर्ट रॉयल दक्षिणेला वाऱ्याविरुद्ध. चाळीस माणसं तिथेच गेली. गॅलियन शेवटी बुडवावी लागली, ती आधीच बुडवली असती तर तीन महिन्यांत पोचलो असतो.

त्यापेक्षा असं करा. पश्चिमेला मोठा हल्ला करायचा तर मोहिमेच्या अगदी शेवटी. लूट मिळाली की पोर्ट रॉयल किंवा तोर्तुगा, जे आपल्या बाजूचं बंदर पहिल्यांदा लागेल तिथेच वाटप करा. वाटपाने खलाशांची कुरकुर आणि परतीची घाई दोन्ही मिटतात. नवी मोहीम तिथूनच सुरू होते, पूर्वेला मग एकटी हलकी स्लूप घेऊन सावकाश चढता येतं.

स्पेनने डोक्यावर लावलेलं बक्षीस या फेरीत फार वाढलं. त्यावर उपाय जेसुइट मठ. किनाऱ्यावर ते विखुरलेले आहेत. तिथले धर्मगुरू स्पेनकडे शब्द टाकतात आणि बक्षीस कमी होतं. स्पेनच्या गावात चोरून शिरायची वेळ यायच्या आत हे करून घ्या.

नातेवाईक आणि दर्यावरची नामांकित मंडळी

बॅरन रेमोंदो हा मोन्ताल्बानचा हस्तक. त्याला दर वेळी हरवलं की हरवलेल्या नातेवाइकाच्या ठिकाणाचा नकाशाचा एक तुकडा मिळतो. बहीण, काका, काकू, आजोबा, अशी चौघं आहेत. पूर्ण नकाशा होईपर्यंत थांबायची गरज नसते. दोन तुकड्यांत किनाऱ्याचा आकार आणि एखादं गाव दिसलं तर मोठ्या नकाशावर ताडून बघा. जमिनीवर उतरायचं ते ठिकाणाला सगळ्यात जवळच्या किनाऱ्यावर, कारण डोंगर आणि रान चालायला फार वेळ खातात आणि खलाशांना पायी चालणं आवडत नाही. सुटलेला नातेवाईक हरवलेल्या शहराच्या नकाशाचा तुकडा देतो. ती शहरंही चार: अ‍ॅझ्टेक, इंका, माया, ओल्मेक.

नऊ नामांकित चाचेही फिरत असतात: मॉर्गन, ब्लॅकबियर्ड, किड, बॉनेट, रॅकहॅम, रॉबर्ट्स, लोलोने, रॉक ब्राझिलियानो, लाफीत. इतिहासाची आवड असेल तर इथे दात-ओठ खावे लागतात. १६६०च्या दशकात मॉर्गन ठीक, पण ब्लॅकबियर्ड मारला गेला १७१८मध्ये, आणि लाफीत तर एकोणिसाव्या शतकातला. खेळाने सगळ्यांना एका पंगतीला बसवलंय. त्यांच्याशी लढायची वेळ साधारण १६७०नंतर, स्लूपची स्लूप-ऑफ-वॉर झाली आणि सुधारणा पुऱ्या झाल्या की. मॉर्गन आणि ब्लॅकबियर्ड शेवटी. हरलेल्याचं जहाज हाती येतं, आणि त्यांनी पुरलेल्या खजिन्यांचे नकाशे गुत्त्यात विकत मिळतात, ते वेगळे.

वय लागतंच. १६७५नंतर द्वंद्वात हात जड होतो. तोच वार, तोच बचाव, पण अर्धा क्षण उशिरा. पहिल्यांदा कीबोर्ड बिघडला असं वाटतं. म्हणून द्वंद्वाची कामं, म्हणजे रेमोंदो आणि चाचे, आधी उरकावीत. मोन्ताल्बानचा अड्डा उशिरा सापडला, १६७८मध्ये, आणि ते द्वंद्व जिंकायला चार वेळा सेव्ह परत उघडावा लागला. बहीण आणि काका सुटले, काकूचा नकाशा अर्धा राहिला, आजोबांचा एकच तुकडा. हरवलेलं शहर एकही नाही.

निवृत्तीच्या पानावर कीर्तीचे गुण मोजले जातात, जास्तीत जास्त १२६. या कारकिर्दीत त्याच्या निम्म्याहून थोडे वर. निवृत्तीचं बटण वाटपाच्या पडद्यावरच असतं, थकलेल्या बोटाने ते चुकून दाबलं जातं. वाटपाला बसायच्या आधी सेव्ह करा, नवीन नावाने, जुन्यावर नको. काकूच्या नकाशाचा पुढचा तुकडा घेऊन रेमोंदो कुमानाहून मार्गारिटाकडे निघाल्याची बातमी त्याच सकाळी गुत्त्यात मिळाली होती.